पंधरा मिनिटं शरीराला, पाच मिनिटं मनाला: सौम्य योग आणि ध्यान नव्याने सुरू करताना

ध्यान सुरू करणारे बहुतेक जण एकाच जागी अडतात. पहिल्याच दिवशी मांडी घालून वीस मिनिटं बसायचं ठरवतात. सातव्या मिनिटाला गुडघा ठणकू लागतो, दहाव्याला पाठ वाकते आणि मन तर एक क्षणही थांबलेलं नसतं. चार दिवसांत चटई पुन्हा कपाटामागे जाते आणि ‘हे आपलं काम नाही’ असं स्वतःबद्दल कायमचं ठरून जातं. खरं तर इथे क्रम चुकलेला असतो. दिवसभर खुर्चीत किंवा ओट्याशी उभं राहून आखडलेलं शरीर आधी मोकळं केलं, श्वास सावकाश होऊ दिला आणि मग बसलं, तर पाच मिनिटं कुणालाही बसता येतं. म्हणून आधी पंधरा मिनिटं सौम्य आसनं, मग दोन-तीन मिनिटं श्वास आणि शेवटी पाच मिनिटं ध्यान.

इथे मंत्र नाही, दीक्षा नाही, कशावर श्रद्धा हवी अशी अटही नाही. देवपूजा करणाऱ्याला, नमाज पढणाऱ्याला आणि यातलं काहीच न मानणाऱ्याला हा अभ्यास सारखाच करता येतो. योगाकडे असं पाहणं आपल्याकडे जुनंच आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं, ते योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासण्यासाठी. उड्डियान (पोट आत ओढून धरणं) आणि नौली (पोटाचे स्नायू फिरवणं) करताना पोटातला दाब किती बदलतो, हे त्यांनी उपकरणांनी मोजलं आणि क्ष-किरणांनी पाहिलं. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखणी असलेल्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला. आठ आठवड्यांच्या त्या अभ्यासक्रमात सौम्य योग, पडून केलेलं शरीरनिरीक्षण आणि बसून ध्यान हे तिन्ही एकत्र होतं. बसणं आणि हालचाल वेगळी न काढण्यामागे कारण आहे, ते पुढे करताना कळेलच.

सुरू करण्याआधी

खालीलपैकी काही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा आणि कोणती हालचाल करणार आहात ते नेमकं सांगा. ‘योगा करू का?’ एवढंच विचारलं तर ‘करा की’ एवढंच उत्तर मिळतं, त्याचा उपयोग नाही.

- आटोक्यात नसलेला रक्तदाब, हृदयविकार किंवा काचबिंदू: डोकं हृदयाच्या खाली जाईल अशी कोणतीही स्थिती टाळायची.
- हाडं ठिसूळ झाली असतील तर: पाठ गोल करून पुढे वाकणं आणि जोरात पिळणं टाळायचं. मणक्यावर नेमका तिथेच ताण येतो.
- मणक्यातली गादी सरकली असेल, सायटिका असेल तर: पुढे वाकताना कळ पायात उतरली की तिथेच थांबायचं.
- हर्निया किंवा पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया: पोट दाबणारी आसनं बंद.
- गुडघा किंवा खुबा बदललेला असेल तर: किती वाकवायचं, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीच सांगायचं.
- गरोदरपण: पालथं झोपून करायची आसनं नाहीत, आणि नंतरच्या महिन्यांत उताणं फार वेळ पडून राहणंही नाही. यासाठी स्वतंत्र मार्गदर्शन घ्या.
- मान वळवली किंवा आडवं पडलं की गरगरत असेल, तर आधी त्याचा इलाज.

मासिक पाळीत खालची सौम्य आसनं करायला हरकत नाही. नको वाटलं तर फक्त शवासन आणि श्वास करा.

जागा, वेळ, सामान

हात डोक्यावर लांब करून आडवं पडता येईल आणि दोन्ही बाजूंना हात पसरता येतील एवढी जागा पुरे. पलंग चालत नाही, कारण गादी खचते आणि कंबरेला आधार मिळत नाही. साधारण ५ ते ६ मिलिमीटर जाडीची योगाची चटई चांगली. ती नसेल तर घरातली जाड सतरंजी चालते, फक्त गुळगुळीत फरशीवर ती सरकते, म्हणून उभ्याने करायची आसनं सतरंजी बाजूला सारून अनवाणी फरशीवर करा. पावसाळ्यात फरशी ओल धरते आणि गार लागते, तेव्हा सतरंजीखाली एक जुनी चादर अंथरा.

याशिवाय दोन उश्या, घट्ट घडी घातलेलं एक ब्लँकेट, एक जुनी सुती ओढणी आणि हात नसलेली, न डुगडुगणारी खुर्ची. आधार घेणं म्हणजे कमीपणा, असं अनेकांना वाटतं. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी आयुष्यभर याच्या उलट शिकवलं. ठोकळे, पट्टे, लोड, दोर आणि साध्या घडीच्या खुर्च्या वापरून त्यांनी ताठरलेल्या आणि आजारी शरीरांनाही आसनापर्यंत आणलं. हात पायापर्यंत पोचत नसेल तर मधे ओढणी घ्यायची, पाठ ओढायची नाही.

पोट रिकामं हवं. जेवणानंतर तीन ते चार तास, चहा-बिस्किटांसारख्या हलक्या खाण्यानंतर दीड-दोन तास जाऊ द्या. सकाळी शौच उरकून, नाश्त्याआधी ही वेळ सर्वांत सोयीची. ज्यांच्या घरात सकाळी डब्यांची घाई असते त्यांनी संध्याकाळी घरी आल्यावर, जेवणाआधी करावं. वेळ कोणतीही असो, ती रोजच्या एखाद्या कामाला बांधा: दात घासून झाले की चटई, किंवा बाहेरून येऊन हातपाय धुतले की चटई. ‘वेळ मिळेल तेव्हा’ असं ठरवलं तर वेळ मिळत नाही. पंखा मंद ठेवा.

शरीर: पंधरा मिनिटं

एकच नियम सगळीकडे लावा. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात ४६वं सूत्र आहे: ‘स्थिरसुखमासनम्’. आसन स्थिर हवं आणि त्यात सुख हवं. स्नायू ताणल्याची जाणीव चालेल. सांध्यात टोचणं, झिणझिण्या येणं किंवा कळ मारणं चालणार नाही. श्वास अडखळू लागला की आपण हद्दीच्या पुढे गेलो, तेव्हा थोडं मागे यायचं. श्वास शेवटपर्यंत नाकानेच.

१. उताणे पडा, गुडघे वाकवून पायांचे तळवे जमिनीवर. हनुवटी आकाशाकडे जात असेल तर डोक्याखाली घडी घातलेला टॉवेल घ्या. एक मिनिट काहीच करू नका. कंबरेचा कुठला भाग टेकला आहे, कुठला अधांतरी आहे, एवढं बघा.

२. एका पायाचं पवनमुक्तासन. उजवा गुडघा छातीकडे आणा आणि दोन्ही हातांनी मांडीच्या मागच्या बाजूने धरा. नडगीवरून धरून दाबलं तर गुडघ्याचा सांधा नको तेवढा मिटतो. पाच श्वास, मग डावा पाय. प्रत्येकी दोनदा. डोकं उचलून नाक गुडघ्याला लावायचा प्रकार सध्या सोडून द्या, त्याने फक्त मान दुखते.

३. दोन्ही गुडघे वाकलेलेच ठेवून उजवीकडे झुकवा, हात खांद्यांच्या रेषेत पसरलेले. डावा खांदा उचलला जात असेल तर गुडघ्यांखाली उशी घाला. पाच श्वास, मग दुसरी बाजू.

४. सेतुबंधासन. टाचा नितंबांपासून साधारण एक वीत अंतरावर, पावलं एकमेकांना समांतर. श्वास सोडत कंबर आणि मग पाठ मणक्या-मणक्याने उचला, एक श्वास थांबा, तसंच उलट क्रमाने खाली या. पाच वेळा. इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. मांडीच्या मागे गोळा येतो. याचा अर्थ टाचा फार लांब आहेत, त्या जवळ घ्या आणि उचलताना टाचांनी जमीन खाली दाबा. दुसरं, गुडघे बाहेर फाकतात आणि कंबरेत कळ येते. मग गुडघ्यांमध्ये एक उशी धरा म्हणजे मांड्या आपोआप कामाला लागतात. वर असताना मान अजिबात वळवायची नाही.

५. मार्जारासन. या सगळ्यातलं एकच आसन करायचं असेल तर हे करा. संगणकापुढे बसणाऱ्यांना याच्याइतकं उपयोगी दुसरं क्वचितच सापडेल. गुडघे खुब्यांच्या खाली, मनगटं खांद्यांच्या खाली, बोटं पसरलेली. श्वास घेत पोट सैल सोडा, छाती पुढे, नजर थोडी समोर. श्वास सोडत पाठ मांजरासारखी वर गोल करा, डोकं लोंबू द्या. आठ आवर्तनं, प्रत्येक पूर्ण श्वासाच्या लांबीएवढं. हालचाल कंबरेपासून सुरू होऊन मानेपर्यंत पोचली पाहिजे. बरेच जण फक्त मान वरखाली करतात आणि पाठ फळीसारखीच राहते. मनगट दुखत असेल तर तळहाताच्या टाचेवर सगळं वजन पडतं आहे. बोटांच्या मुळांनी जमीन दाबा, किंवा मुठी टेकवा. गुडघ्यांखाली चादरीची घडी घ्या. हाडं ठिसूळ असलेल्यांनी पाठ गोल करायची नाही, फक्त सरळ पाठीपासून छाती थोडी पुढे आणि परत सरळ, एवढंच. जमिनीवर उतरता येत नसेल त्यांनी हीच हालचाल खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसून, हात गुडघ्यांवर ठेवून करावी.

६. सरल भुजंगासन. पालथे झोपा, कोपरं खांद्यांच्या खाली, हात कोपरापासून पुढे टेकलेले. छाती उचला, खांदे कानांपासून लांब. पाच श्वास, दोनदा. कंबरेत दाटल्यासारखं वाटलं तर कोपरं थोडी पुढे सरकवा. हात सरळ करून उंच उठायचा मोह होतो, पण त्या उंचीचा सगळा भार कंबरेच्या दोन मणक्यांवर येतो.

७. शशांकासनात विश्रांती. टाचांवर बसून पुढे झुका, कपाळ जमिनीवर किंवा उशीवर. टाचांवर टेकता येत नसेल तर मांड्या आणि पोटऱ्यांमध्ये उशी. काचबिंदू, वाढलेला रक्तदाब किंवा ठिसूळ हाडं असतील तर हे सोडून कुशीवर पडा.

८. उभे राहा. ओट्यावर किंवा खिडकीच्या कठड्यावर तळवे ठेवून मागे चालत जा, पाठ आणि हात एका रेषेत येईपर्यंत. गुडघे किंचित वाकलेले. ओटा कमरेच्या आसपास असतो, म्हणून डोकं खाली जात नाही आणि मांडीच्या मागचे स्नायू बेताने ताणले जातात. पाच श्वास. मग ताडासन: हात वर, टाचा उचला, तीन श्वास, तोल जात असेल तर पाठीशी भिंत. खांदे पाच वेळा पुढून मागे फिरवा. मान पूर्ण गोल फिरवू नका. डावीकडे, उजवीकडे आणि खाली एवढंच पुरे.

९. शवासन, दोन ते तीन मिनिटं. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली दोन्ही उश्या. उठताना सरळ उसळी मारून बसायचं नाही. आधी कुशीवर वळा, दोन श्वास थांबा, हाताचा रेटा देऊन उठा. एकदम उठल्यावर डोळ्यांपुढे येणारी अंधारी यानेच टळते.

श्वास: दोन-तीन मिनिटं

बसा किंवा पडूनच राहा. एक हात पोटावर, एक छातीवर. श्वास घेताना पोटावरचा हात उचलला गेला पाहिजे आणि छातीवरचा जवळजवळ स्थिर. मोठा श्वास घेण्याचा प्रयत्न करू नका. फक्त सावकाश घ्या. चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर, मधे कुठेही रोखून न धरता. एक अंक साधारण एक सेकंद धरला तर मिनिटाला सहा श्वास होतात. जड वाटलं तर तीन आणि चार.

श्वास सोडणं लांब का, हे स्वतःच्या मनगटावर तपासता येतं. नाडीवर बोटं ठेवून सावकाश श्वास घ्या: बहुतेकांची नाडी श्वास घेताना थोडी जलद आणि सोडताना थोडी संथ होते. शरीराचा हा उपजत ताल आहे. बाहेर जाणारा श्वास लांबवला की हृदयाला संथ होण्याची वेळ थोडी जास्त मिळते.

डोकं हलकं झालं, ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या आल्या, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर करता आहात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे हे होतं. ‘शक्ती जागी होते आहे’ वगैरे काही नाही. मोजणं सोडा, नेहमीसारखा श्वास घ्या. एक-दोन मिनिटांत थांबतं.

कपालभातीबद्दल स्पष्ट सांगायला हवं. टीव्हीवर पाहून पहिल्याच दिवशी झपाझप कपालभाती करणारे घरोघरी आहेत. हठयोगाच्या ग्रंथांत ती षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत मोजली आहे. शांत बसण्याच्या तयारीचा तो प्रकार नाही. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, फिट येणं किंवा गरोदरपण असेल तर ती करूच नये आणि इतरांनीही समोर शिक्षक असतानाच शिकावी. अनुलोम-विलोम मात्र दोन आठवड्यांनंतर जोडायला हरकत नाही: उजव्या हाताचा अंगठा उजव्या नाकपुडीवर, अनामिका डाव्या नाकपुडीवर, आळीपाळीने एकेका नाकपुडीतून, श्वास न रोखता पाच-सहा आवर्तनं. सर्दीने नाक चोंदलं असेल त्या दिवशी सोडून द्या.

बसायचं कसं

खुर्चीवर केलेलं ध्यान जमिनीवरच्या ध्यानापेक्षा कणभरही कमी नाही. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, पाठ टेकवू नका, तळवे पूर्ण जमिनीवर. उंची कमी असेल आणि टाचा लोंबत असतील तर पायांखाली पाट ठेवा. पाय लोंबले की मांडीखालची शीर दाबली जाते. पाठ लवकर थकत असेल तर कंबरेमागे उशी, पण फक्त कंबरेमागे.

जमिनीवर बसायचं असेल तर सगळी मेख बुडाखालच्या उंचीत आहे. सपाट जमिनीवर मांडी घातली की गुडघे वर राहतात, कटी मागे कलंडते, पाठ गोल होते आणि दहा मिनिटांत खांद्यांमध्ये दुखू लागतं. मग दोष पाठीला दिला जातो. पाटावर घडी घातलेलं ब्लँकेट ठेवा, एकूण उंची १० ते १५ सेंटिमीटर, आणि त्याच्या पुढच्या कडेवर बसा. गुडघे खुब्यांच्या खाली आले की पाठ आपसूक सरळ राहते. गुडघा अधांतरी राहत असेल तर त्याखाली उशी सरकवा. पद्मासनाचा आग्रह सोडा. खुबा न वळता पाय वर चढवला तर पीळ गुडघ्यात जातो आणि गुडघ्याचा सांधा त्यासाठी बनलेला नाही.

हात मांड्यांवर, हनुवटी किंचित आत, जीभ टाळूला सैल टेकलेली. डोळे मिटा, किंवा समोर दीड-दोन हातांवर जमिनीकडे अर्धवट उघडे ठेवा.

ध्यान: पाच मिनिटं

मोबाइल विमान-मोडवर टाका, पाच मिनिटांचा हळुवार आवाजाचा गजर लावा आणि पालथा घालून हाताच्या पल्ल्याबाहेर ठेवा. गजर हवाच, नाही तर ‘किती झाली असतील?’ यातच वेळ जातो.

आता श्वास सर्वांत स्पष्ट कुठे कळतो ते शोधा: नाकपुड्यांच्या टोकाशी, छातीत की पोटात. एक जागा निवडा आणि त्या दिवसापुरती बदलू नका. श्वास आता मुद्दाम लांबवायचा नाही. येईल तसा येऊ द्या. प्रत्येक सोडलेल्या श्वासाला मनात एक आकडा: एक, दोन… दहापर्यंत. मग पुन्हा एक.

तिसऱ्या-चौथ्या श्वासाला गॅसचं बिल, उद्याची मीटिंग, मुलाची परीक्षा यांपैकी काहीतरी येईल आणि आकडा हरवेल. कधी भानावर याल तेव्हा मोजणी सतराला पोचलेली असेल. ज्या क्षणी हे लक्षात येतं तो क्षण या अभ्यासाचा गाभा आहे. मनात फक्त ‘विचार’ असं म्हणा, स्वतःला न रागावता, आणि एकपासून सुरू करा. पाच मिनिटांत तीस वेळा भरकटून तीस वेळा परत आलात, तर तीस वेळा सराव झाला. विचार थांबवणं हे ध्येय ठेवलं तर पदरी फक्त चिडचिड येते, कारण विचार येणं आपल्या हातात नाही. परत येणं आहे.

बाहेरून कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज येईल. ‘आवाज’ म्हणा आणि परत या. पूर्ण शांतता मिळेल तेव्हा बसू असं ठरवलं तर मुंबई-पुण्यात वर्षभर बसणं होणार नाही.

गजर झाला की लगेच उठू नका. खोलीतले आवाज ऐका, डोळे उघडा, तळवे चोळा, पाय लांब करा. पायाला मुंग्या आल्या असतील तर त्या पूर्ण जाईपर्यंत उभं राहायचं नाही. बधिर पायावर उभं राहिलं की घोटा मुरगळतो.

नेहमीच्या अडचणी

झोप येते: आधी तपासा, रात्रीची झोप पुरी होते का. होत नसेल तर तिची भरपाई ध्यानातून होणार नाही, आधी झोपा. होत असेल तर डोळे अर्धे उघडा, खिडकी उघडा किंवा उभ्यानेच करा.

खाज सुटते: तीन श्वास तिच्याकडे बघा. बहुतेक वेळा ती वाढते, हलते आणि विरते. नाहीच विरली तर सावकाश हात उचलून खाजवा.

श्वासाकडे लक्ष दिलं की तोच अडकल्यासारखा वाटतो: घाबरण्याचा त्रास असलेल्यांना हे बऱ्याचदा होतं. श्वास सोडून द्या. डोळे उघडे ठेवून पायाच्या तळव्यांना जमीन कशी लागते तिकडे, किंवा कानावर येणाऱ्या आवाजांकडे लक्ष ठेवा. ध्यान तेवढंच पक्कं होतं.

रडू येतं: कधीकधी येतं, त्यात काही बिघडलेलं नसतं. डोळे उघडा, पाणी प्या, त्या दिवशी तिथेच थांबा. पण बसलं की जुने आघात अंगावर धावून येत असतील, छातीत धडधड वाढत असेल, झोप उडत असेल, तर ध्यान बंद करा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. रक्तदाबाच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या मात्र ध्यान सुरू केलं म्हणून स्वतःहून कमी करू नका, बंद तर नाहीच.

बसणंच नको वाटतं: मग चाला. गॅलरीत किंवा गच्चीवर दहा-बारा पावलांची सरळ जागा, अनवाणी. टाच उचलते, पाऊल पुढे जातं, टेकतं, एवढंच बघत जा. टोकाला थांबा, एक श्वास, वळा. नेहमीच्या चालीच्या निम्म्या वेगाने दहा मिनिटं. अस्वस्थ मनाला हे बसण्यापेक्षा लवकर जमतं. आणि रात्री झोप लागत नसेल तर गादीवर पडून शरीरनिरीक्षण करा: डाव्या पायाच्या अंगठ्यापासून सुरू करून तळवा, घोटा, पोटरी, गुडघा असं एकेका जागी दोन-तीन श्वास थांबत टाळूपर्यंत या. गुडघ्यापाशीच झोप लागली तर लागू द्या.

पहिला महिना

पहिल्या आठवड्यात फक्त पहिली पाच आसनं, शवासन आणि तीन मिनिटं बसणं. दुसऱ्यात सगळी आसनं आणि पाच मिनिटं. तिसऱ्यात आठ, चौथ्यात दहा. आठवड्यातून पाच दिवस झाले तरी पुष्कळ. अंगाला उत्साह वाटला म्हणून पहिल्याच आठवड्यात अर्धा तास करू नका. जे तिसऱ्या दिवशी अर्धा तास करतात ते दहाव्या दिवशी दिसत नाहीत. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत झालेल्या दिवशी पेनाने एक टिंब द्या. ध्यान ‘चांगलं’ झालं की ‘वाईट’, ते लिहू नका. ज्या दिवशी मन सर्वांत जास्त उधळलं, त्या दिवशीही सराव तेवढाच झालेला असतो.

फरक पहिल्यांदा बसण्याच्या वेळेत दिसत नाही, इतरत्र दिसतो. संगणकापुढे खांदे कानांपर्यंत चढले आहेत, हे मधेच लक्षात येतं. फोनवर तडकून बोलण्याआधी एक श्वास जातो. या खुणा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दिसू शकतात. काहींना त्याहून उशीर लागतो.

दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला थेट जावं का, असं अनेक जण विचारतात. इगतपुरीला धम्मगिरी १९७६ पासून आहे आणि सत्यनारायण गोएंकांच्या परंपरेतली ही शिबिरं नव्या माणसांसाठीही खुली असतात. पण तिथे दिवसाला सुमारे दहा तास बसणं आणि मौन असतं. घरी सलग दोन-तीन महिने रोज वीस मिनिटं बसणं झालं की मग अर्ज करा, आणि मनाच्या आजारावर उपचार चालू असतील तर तो अर्जात लपवू नका.

आसनं कुणाकडून तरी पाहून घेतलेली बरी. वर्ग निवडताना आधी एक दिवस बाजूला बसून बघा. शिक्षक सुरुवातीला दुखण्यांची चौकशी करतात का, चाळीस वर्षांच्या आणि सत्तर वर्षांच्या माणसाला एकच आसन वेगवेगळं सांगतात का, आणि न विचारता पाठीवर रेटा देतात का. शेवटचं दिसलं तर दुसरा वर्ग शोधा. आजार बरा करण्याची हमी देणाऱ्याकडेही जाऊ नका.

ताप, प्रवास, घरचं लग्नकार्य यांत खंड पडतोच. आठवडाभराचा खंड असेल तर जिथे सोडलं तिथून धरा. दोन आठवड्यांहून जास्त असेल तर पुन्हा पहिल्या आठवड्याची पाच आसनं आणि तीन मिनिटं. तापानंतर अंगात पूर्ण ताकद येईपर्यंत फक्त शवासन आणि चार-सहाचा श्वास, तोही पडूनच.